संगणकीय इंजिन नियंत्रण

संगणकीय इंजिन नियंत्रण म्हणजे मोटारवाहनाच्या अंतर्ज्वलन इंजिनातील इंधनपुरवठा, ठिणगीची वेळ, हवेचे प्रमाण आणि निष्कास वायूंचे शुद्धीकरण या क्रियांचे इलेक्ट्रॉनिक संगणकाद्वारे केले जाणारे नियमन होय. हे कार्य करणाऱ्या संगणकास इंजिन कंट्रोल युनिट किंवा संक्षेपाने ईसीयू असे म्हणतात. हाच संगणक इंजिनातील दोष ओळखून त्यांची सांकेतिक क्रमांकांत नोंद ठेवतो व चालकास दिव्याद्वारे सूचना देतो. या दुसऱ्या कार्यास वाहनांतर्गत निदान अथवा ऑन-बोर्ड डायग्नोस्टिक्स म्हणतात. ही पद्धत ओबीडी या नावाने परिचित आहे.

संगणकीय नियंत्रणाचा उगम प्रामुख्याने वायुप्रदूषणविषयक कायद्यांत आहे. कार्ब्युरेटर आणि यांत्रिक वितरक यांच्या साहाय्याने हवा व इंधन यांचे गुणोत्तर कायद्याला अपेक्षित असलेल्या अचूकतेने राखणे शक्य नव्हते. त्यामुळे १९७० च्या दशकापासून अमेरिका, जपान व युरोपात आणि पुढे भारतातही या तंत्राचा प्रसार झाला. इंधनाची बचत, थंडीत सहज सुरू होणारे इंजिन आणि कमी देखभाल हे लाभ त्यासोबत मिळाले. मात्र वाहनाची दुरुस्ती संगणकातील माहितीवर अवलंबून राहू लागली आणि या माहितीवर हक्क कोणाचा, तसेच संगणक सांगतो ते कितपत खरे मानावे, असे नवे प्रश्नही निर्माण झाले.

== इतिहास ==

इलेक्ट्रॉनिक इंधनफवारणीचा पहिला व्यापारी प्रयत्न अमेरिकेतील बेंडिक्स कंपनीने १९५७ साली 'इलेक्ट्रोजेक्टर' या नावाने केला. क्रायस्लर कंपनीच्या १९५८ च्या काही मोटारींत ही यंत्रणा बसविण्यात आली. परंतु तत्कालीन इलेक्ट्रॉनिक घटक उष्णता व कंपने यांपुढे टिकाव धरू शकले नाहीत आणि बहुतेक मोटारींना पुन्हा कार्ब्युरेटर बसवावे लागले. जर्मनीतील रॉबर्ट बॉश कंपनीने १९६७ साली 'डी-जेट्रॉनिक' ही यंत्रणा फोक्सवॅगन १६०० या मोटारीसाठी बाजारात आणली. ती अंकीय नव्हती. ग्राही नळीतील दाब मोजून साध्या इलेक्ट्रॉनिक मंडलांच्या आधारे ती फवारणीचा काळ ठरवीत असे.

दरम्यान लॉस एंजेलिस शहरातील धुरक्याचे मूळ मोटारींच्या धुरात असल्याचे एरी हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञाने दाखवून दिले होते. कॅलिफोर्निया राज्याने १९६७ साली हवा संसाधन मंडळ स्थापन केले, तर १९७० च्या 'क्लीन एअर' कायद्याने संपूर्ण अमेरिकेत वाहनांच्या उत्सर्जनावर कठोर बंधने आली. ती पाळण्यासाठी त्रिमार्गी उत्प्रेरक परिवर्तकाचा, म्हणजेच कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचा, वापर सुरू झाला. हा परिवर्तक केवळ हवा-इंधन गुणोत्तराच्या अत्यंत अरुंद पट्ट्यात परिणामकारक ठरतो. १९७६ साली व्होल्व्हो कंपनीच्या कॅलिफोर्नियासाठीच्या मोटारींत बॉशचा प्राणवायू सेन्सर प्रथमच बसविला गेला आणि इंजिनाला स्वतःच्या धुरावरून इंधनाचे प्रमाण सुधारणे शक्य झाले.

जनरल मोटर्सने १९७७ साली ओल्ड्समोबिल टोरोनॅडो या मोटारीत सूक्ष्मप्रक्रियकाच्या, म्हणजे मायक्रोप्रोसेसरच्या, साहाय्याने ठिणगीची वेळ ठरविणारी यंत्रणा वापरली. १९७९ साली बॉशच्या 'मोट्रॉनिक' यंत्रणेने बीएमडब्ल्यू ७३२आय या मोटारीत इंधनफवारणी व प्रज्वलन या दोन्ही क्रिया एकाच अंकीय संगणकाच्या नियंत्रणाखाली आणल्या. आजच्या ईसीयूची मूलभूत रचना तेव्हापासून फारशी बदललेली नाही. प्रक्रियकांचा वेग आणि सेन्सरांची संख्या मात्र कित्येक पटींनी वाढली आहे.

डिझेल इंजिनांत संगणकीय नियंत्रणाचा मोठा टप्पा 'कॉमन रेल' पद्धतीने गाठला. ही पद्धत १९९७ साली अल्फा रोमिओ १५६ या मोटारीतून प्रथम मोठ्या प्रमाणावर प्रवासी वाहनांत आली.

== नियंत्रणाची गरज ==

पेट्रोलच्या संपूर्ण ज्वलनासाठी वजनाने १ भाग इंधनास सुमारे १४.७ भाग हवा लागते. या गुणोत्तरास समतोल गुणोत्तर म्हणतात. प्रत्यक्ष गुणोत्तर आणि समतोल गुणोत्तर यांच्या भागाकारास 'लॅम्डा' अशी संज्ञा आहे. लॅम्डा १ पेक्षा कमी असल्यास मिश्रण समृद्ध, म्हणजे इंधन जास्त असलेले, आणि १ पेक्षा अधिक असल्यास विरल समजले जाते. समृद्ध मिश्रणामुळे कार्बन मोनॉक्साइड व न जळलेली हायड्रोकार्बने वाढतात. किंचित विरल मिश्रणात नायट्रोजनची ऑक्साइडे वाढतात, तर अतिविरल मिश्रण पेटतच नाही.

त्रिमार्गी परिवर्तक कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बनांचे ऑक्सिडीकरण आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांचे क्षपण या परस्परविरोधी क्रिया एकाच वेळी करतो. लॅम्डाचे मूल्य १ च्या अगदी जवळ राहिले तरच त्या दोन्ही साधतात.

ही अचूकता अत्यंत अल्प काळात साधावी लागते. चार सिलिंडरांचे चारधावी इंजिन मिनिटाला ६,००० फेरे या वेगाने फिरत असताना भुजादंडाचा एक फेरा १० मिलिसेकंदांत पूर्ण होतो आणि इंजिनात दर सेकंदास २०० वेळा ठिणगी पडते. भुजादंडास १ अंश फिरण्यास सुमारे २८ मायक्रोसेकंद लागतात. ठिणगीची वेळ एका अंशाच्या आत राखायची, तर संगणकाला याच मापाने काळ मोजावा लागतो.

== रचना ==

=== सेन्सर ===

ईसीयूला इंजिनाची स्थिती पुढील प्रमुख सेन्सरांकडून कळते.

* भुजादंड स्थिती सेन्सर: भुजादंडावरील दातेरी चकतीचे दाते मोजून हा सेन्सर इंजिनाचा वेग व दट्ट्यांचे स्थान सांगतो. अनेक इंजिनांत ६० दात्यांच्या जागी ५८ दाते ठेवून दोन दात्यांची खाच सोडलेली असते; ही खाच म्हणजे मोजणीचा आरंभबिंदू होय.
* कॅमदंड स्थिती सेन्सर: चारधावी चक्रात भुजादंड दोनदा फिरतो. त्यामुळे एखादा सिलिंडर संपीडन धावेत आहे की निष्कास धावेत, हे ठरविण्यासाठी कॅमदंडाचे स्थान कळणे आवश्यक असते.
* हवा मापन सेन्सर: काही वाहनांत तापलेल्या तारेवरून जाणाऱ्या हवेचे वस्तुमान थेट मोजतात, तर काहींत ग्राही नळीतील दाब व तापमान यांवरून ते काढतात.
* तापमान सेन्सर: शीतक द्रव व आत येणारी हवा यांचे तापमान मोजण्यासाठी थर्मिस्टर वापरतात. तापमान वाढले की त्याचा विद्युत रोध घटतो.
* प्राणवायू सेन्सर: झिर्कोनियाचा हा सेन्सर निष्कास नळीत असतो. मिश्रण समृद्ध असता तो सुमारे ०.९ व्होल्ट आणि विरल असता सुमारे ०.१ व्होल्ट दाब देतो. सुमारे ३०० अंश सेल्सिअसच्या वर तापल्याशिवाय तो काम करीत नसल्यामुळे त्यात विद्युत तापक बसविलेला असतो.
* नॉक सेन्सर: मिश्रण अवेळी स्फोटाने पेटल्यास होणारी कंपने हा दाबविद्युत सेन्सर ओळखतो.
* ॲक्सिलरेटर पेडल सेन्सर: सुरक्षिततेसाठी यात दोन स्वतंत्र मापके असतात. दोहोंची मूल्ये परस्परांशी जुळली नाहीत, तर संगणक इंजिनाची शक्ती मर्यादित करतो.

=== संगणक ===

ईसीयूमध्ये सूक्ष्मनियंत्रक, स्मृती, सेन्सरांचे संकेत अंकीय स्वरूपात बदलणारी मंडले आणि प्रवाह चालू-बंद करणारे शक्तिशाली ट्रान्झिस्टर असतात. स्मृतीत दोन प्रकारची सामग्री साठविलेली असते. एक म्हणजे नियंत्रणाचा कार्यक्रम आणि दुसरी म्हणजे त्या विशिष्ट इंजिनासाठी चाचण्यांतून ठरविलेले कोष्टक. अशा कोष्टकात प्रत्येक वेग व भार यांच्या जोडीसाठी ठिणगीचा कोन, इंधनाचे प्रमाण इत्यादी मूल्ये दिलेली असतात. यास अभियंते 'मॅप' म्हणतात. दोन मोटारींचे इंजिन सारखे असूनही त्यांच्या शक्तीत फरक आढळतो, तो पुष्कळदा या कोष्टकांमुळे असतो.

कार्यक्रम अडकून पडल्यास संगणक आपोआप पुन्हा सुरू करणारे 'वॉचडॉग' मंडलही ईसीयूमध्ये असते.

=== कार्यवाहक घटक ===

संगणकाचे निर्णय अमलात आणणाऱ्या घटकांमध्ये इंधन इंजेक्टर, प्रज्वलन कॉइल, विद्युत थ्रॉटल, इंधन पंपाचा रिले, निष्कास वायूचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणारी ईजीआर झडप, टर्बोचा दाब नियंत्रित करणारी झडप आणि रेडिएटरचा पंखा यांचा समावेश होतो. आधुनिक मोटारींत पेडल व थ्रॉटल यांना जोडणारी तार नसते. चालकाने पेडल दाबणे ही संगणकाकडे केलेली शक्तीची मागणी असते आणि थ्रॉटल किती उघडायचे, ते संगणक ठरवितो.

== कार्यपद्धती ==

=== इंधनाचे गणित ===

समजा, १,२०० घन सेंमी क्षमतेच्या चार सिलिंडरी इंजिनाचा एक सिलिंडर ३०० घन सेंमी हवा पूर्णपणे भरून घेतो. १ लिटर हवेचे वजन सुमारे १.२ ग्रॅम धरल्यास त्यात ०.३६ ग्रॅम हवा येते. तिला १४.७ ने भागल्यास सुमारे २४.५ मिलिग्रॅम पेट्रोल लागेल. इंजेक्टर दर मिलिसेकंदास २.५ मिलिग्रॅम इंधन सोडत असेल, तर तो सुमारे १० मिलिसेकंद उघडा ठेवावा लागेल. इंजेक्टरची सुई उचलली जाण्यास लागणारा काळ यात मिळवावा लागतो. बॅटरीचा दाब कमी झाला की हा काळ वाढतो, म्हणून संगणक बॅटरीच्या व्होल्टतेवरही लक्ष ठेवतो.

=== मुक्त व बंदिस्त आवर्तन ===

इंजिन थंड असताना प्राणवायू सेन्सर काम करीत नाही. तेव्हा संगणक केवळ कोष्टकांवर विसंबून इंधन देतो. यास मुक्त आवर्तन म्हणतात. सेन्सर तापल्यावर बंदिस्त आवर्तन सुरू होते. सेन्सरने मिश्रण विरल असल्याचे सांगितले की संगणक इंधन थोडे वाढवितो आणि समृद्ध सांगितले की घटवितो. त्यामुळे सेन्सरचा दाब ०.१ व ०.९ व्होल्ट यांदरम्यान सतत हेलकावत राहतो. हे हेलकावे यंत्रणा निरोगी असल्याचे लक्षण आहे.

या दुरुस्तीचे दोन भाग असतात. क्षणोक्षणी होणाऱ्या बदलास अल्पकालीन इंधन समायोजन म्हणतात. ते सतत एकाच दिशेला झुकू लागले, तर संगणक तो कल दीर्घकालीन समायोजनात साठवून ठेवतो. इंजेक्टर थोडे चोंदले किंवा वाहन समुद्रसपाटीवरून घाटमाथ्यावर गेले, तरी इंजिन सुरळीत चालते, याचे एक कारण हे समायोजन होय. ते टक्क्यांत दर्शवितात. अधिक १० टक्के याचा अर्थ संगणक कोष्टकापेक्षा १० टक्के जास्त इंधन देत आहे.

=== ठिणगीची वेळ ===

मिश्रण पेटून दाब वाढण्यास काही काळ लागत असल्याने ठिणगी दट्ट्या वरच्या टोकास पोहोचण्यापूर्वीच पाडावी लागते. ती जितकी लवकर पडेल तितकी शक्ती एका मर्यादेपर्यंत वाढते. त्यापलीकडे नॉकिंग सुरू होऊन दट्ट्यांना इजा पोहोचते. नॉक सेन्सरने धोक्याची सूचना देताच संगणक ठिणगी काही अंशांनी उशिरा पाडतो आणि नंतर हळूहळू पूर्ववत करतो. हलक्या प्रतीचे पेट्रोल भरल्यास इंजिनाची ओढ कमी झाल्याचे जाणवते, ते यामुळेच.

=== डिझेल इंजिन ===

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. संपीडनाने तापलेल्या हवेत इंधन फवारताच ते पेट घेते. त्यामुळे नियंत्रणाचा सर्व भर फवारणीवर असतो. कॉमन रेल पद्धतीत उच्च दाबाचे इंधन एका सामाईक नळीत साठविले जाते. आधुनिक इंजिनांत हा दाब २,००० बारच्याही वर जातो. संगणक एकाच चक्रात अनेक लहान फवारण्या करू शकतो. मुख्य फवारणीपूर्वीच्या अल्प फवारणीमुळे डिझेल इंजिनाचा खडखडाट कमी होतो. काजळी पकडणारा गाळक भरत आला की निष्कास वायूचे तापमान वाढवून ती जाळून टाकणे आणि यूरियाचे द्रावण फवारून नायट्रोजनची ऑक्साइडे घटविणे ही कामेही संगणकच पाहतो.

== निदान ==

=== मानके ===

आरंभीच्या काळात प्रत्येक उत्पादकाची निदानपद्धत निराळी होती. कॅलिफोर्नियाने १९८८ च्या मॉडेलांपासून प्राथमिक स्वरूपाची ओबीडी सक्तीची केली. ओबीडी-२ हे समान मानक अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलांपासून सर्व मोटारी व हलक्या ट्रकांना लागू झाले. युरोपीय संघात पेट्रोल मोटारींसाठी २००० च्या दशकाच्या आरंभी तत्सम नियम आले.

ओबीडी-२ ने १६ खुंट्यांची जोडणी, दोषसंकेतांची रचना आणि संदेशांचे स्वरूप यांत एकवाक्यता आणली. ही जोडणी चालकाच्या आसनावरून हात पोहोचेल अशा ठिकाणी, बहुधा डॅशबोर्डखाली, असते. तिची १६ क्रमांकाची खुंटी बॅटरीच्या धन टोकास, ४ व ५ या खुंट्या भूसंपर्कास आणि ६ व १४ या खुंट्या 'कॅन' या संदेशवाहिनीस जोडलेल्या असतात. बॉशने विकसित करून १९८६ साली जाहीर केलेली कॅन वाहिनी दोन पिळलेल्या तारांवरून वाहनातील अनेक संगणकांना परस्परांशी बोलू देते. अमेरिकेत २००८ च्या मॉडेलांपासून निदानासाठी हीच वाहिनी सक्तीची आहे.

=== दोषसंकेत ===

दोषसंकेत एक अक्षर व चार चिन्हे यांचा बनलेला असतो.

* पहिले अक्षर विभाग दर्शविते: 'पी' म्हणजे इंजिन व शक्तिसंचारण, 'सी' म्हणजे चासी, 'बी' म्हणजे बॉडी आणि 'यू' म्हणजे संदेशजाल.
* त्यानंतरचा ० हा अंक सर्व उत्पादकांसाठी समान असलेला संकेत, तर १ हा अंक उत्पादकाचा स्वतःचा संकेत दर्शवितो.
* पुढील अंक उपविभाग सांगतो. उदाहरणार्थ, १ व २ हे इंधन व हवा, ३ हा प्रज्वलन व मिसफायर, ४ हा उत्सर्जन नियंत्रण आणि ७ हा गिअरबॉक्स यांसाठी आहे.
* शेवटचे दोन अंक विशिष्ट दोष ओळखण्यासाठी असतात.

यानुसार पी०१७१ म्हणजे मिश्रण अतिविरल, पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरात मिसफायर आणि पी०४२० म्हणजे परिवर्तकाची कार्यक्षमता ठरावीक पातळीखाली, असा अर्थ होतो.

=== दोष ओळखण्याच्या पद्धती ===

तुटलेली तार किंवा मंडलातील अल्पसंधी ओळखणे सोपे असते. तापमान सेन्सरची तार सुटली, तर रोध अनंत होऊन संगणकास उणे ४० अंश तापमान दिसते. पुण्यात किंवा नागपुरात असे तापमान असंभव असले, तरी त्यावर विश्वास ठेवल्यास संगणक अतिरिक्त इंधन देईल. म्हणून तो दोष नोंदवितो, गृहीत धरलेले तापमान वापरतो आणि सहसा रेडिएटरचा पंखा सतत चालू ठेवतो. गंभीर दोषांत वाहन कसेबसे गॅरेजपर्यंत पोहोचेल इतकीच शक्ती दिली जाते. या अवस्थेस 'लिंप मोड' म्हणतात.

इतर दोष अप्रत्यक्षपणे शोधले जातात. एखाद्या सिलिंडरात मिश्रण पेटले नाही, तर भुजादंडाची गती त्या धावेपुरती किंचित मंदावते. दातेरी चकतीच्या दात्यांमधील काळ मोजून संगणक नेमका सिलिंडर ओळखतो. परिवर्तकाच्या तपासणीसाठी त्याच्या पुढे व मागे असे दोन प्राणवायू सेन्सर असतात. निरोगी परिवर्तक प्राणवायू साठवून ठेवत असल्याने मागील सेन्सरचा दाब जवळजवळ स्थिर राहतो. तोही पुढील सेन्सरप्रमाणे हेलकावू लागला, तर परिवर्तक निकामी होत चालल्याचे समजते.

=== चेक इंजिन दिवा ===

क्षणिक गडबडीमुळे चालकास नाहक इशारा मिळू नये म्हणून बहुतेक दोष लागोपाठ दोन प्रवासांत आढळल्यावरच दिवा लागतो. पहिल्या वेळी त्याची 'प्रलंबित' अशी नोंद होते. दोष नोंदविताना त्या क्षणीचा वेग, भार, तापमान इत्यादी माहितीही गोठविली जाते. दोष पुढील तीन सलग प्रवासांत न आढळल्यास दिवा विझतो. संकेत मात्र साधारणतः इंजिन थंड होऊन तापण्याची ४० चक्रे पूर्ण होईपर्यंत स्मृतीत राहतो.

स्थिर दिवा लवकर तपासणी करण्याची सूचना देतो. लुकलुकणारा दिवा अधिक गंभीर असतो. मिसफायरमुळे न जळलेले इंधन परिवर्तकात जाऊन पेटत आहे आणि तो वितळू शकतो, असा त्याचा अर्थ आहे. अशा वेळी वेग व भार तत्काळ कमी करणे आवश्यक असते.

=== स्कॅनर व माहितीचे वाचन ===

स्कॅनर जोडणीतून ठरावीक क्रमांकांच्या सेवांची मागणी करतो. सेवा १ चालू माहिती, सेवा २ गोठविलेली माहिती, सेवा ३ नोंदलेले संकेत, सेवा ७ प्रलंबित संकेत आणि सेवा ९ वाहनाचा ओळखक्रमांक देते. सेवा ४ सर्व संकेत पुसते. इंजिनाचा वेग दोन बाइटांत येतो. पहिल्यास २५६ ने गुणून त्यात दुसरा मिळवावा व बेरजेस ४ ने भागावे. उत्तरात २६ व २४८ हे बाइट आले, तर वेग मिनिटाला १,७२६ फेरे होतो. शीतकाचे तापमान एका बाइटात येते व त्यातून ४० वजा करावे लागतात. ही सूत्रे खुली असल्यामुळे स्वस्त ब्लूटूथ उपकरण व मोबाइल फोन यांच्या साहाय्याने सामान्य वाहनधारकही ही माहिती वाचू शकतो.

=== संकेताचा अर्थ लावणे ===

दोषसंकेत लक्षण सांगतो, कारण सांगत नाही. पी०१७१ हा संकेत प्राणवायू सेन्सरवरून मिळत असला, तरी सेन्सर बदलून दोष जाईलच असे नाही. ग्राही नळीस तडा जाऊन जादा हवा शिरणे, इंधन पंप क्षीण होणे, हवा मापन सेन्सरवर धूळ बसणे किंवा सेन्सरच्या आधीच्या निष्कास नळीस भोक पडणे, यांपैकी कोणतेही कारण त्यामागे असू शकते. इंधन समायोजन पाहून ही कारणे वेगळी करता येतात. इंजिन जागेवर मंद चालत असता समायोजन बरेच जास्त आणि वेग वाढविल्यावर कमी होत असेल, तर हवागळतीचा संशय घ्यावा, कारण उघड्या थ्रॉटलच्या मोठ्या प्रवाहापुढे गळतीचे प्रमाण नगण्य ठरते. उलट भार वाढताच समायोजन वाढत असेल, तर इंधनपुरवठा किंवा हवेचे मापन यांत दोष असण्याची शक्यता अधिक असते.

कारण न शोधता संकेत केवळ पुसल्यास दिवा विझतो. पण त्यासोबत गोठविलेली माहिती व स्वयंतपासण्यांचे निष्कर्षही नष्ट होतात आणि दोष पुन्हा उद्भवतो. जुने वाहन विकण्यापूर्वी असे संकेत पुसले आहेत का, हे स्वयंतपासण्या अपूर्ण असल्याच्या नोंदीवरून ओळखता येते.

== भारतातील स्थिती ==

भारतात १ एप्रिल १९९५ पासून दिल्ली, मुंबई, कोलकाता व चेन्नई या महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना उत्प्रेरक परिवर्तक सक्तीचा झाला. २००० साली भारत स्टेज मानकांचा आरंभ झाला आणि मानके कठोर होत गेली तसा मोटारींतील कार्ब्युरेटर मागे पडला. भारत स्टेज ४ मानक १ एप्रिल २०१० रोजी प्रथम १३ शहरांत लागू झाले. त्यांत महाराष्ट्रातील मुंबई, पुणे व सोलापूर ही शहरे होती. त्यासोबतच चारचाकींसाठी ओबीडी-१ आणि १ एप्रिल २०१३ पासून ओबीडी-२ सक्तीची करण्यात आली. सर्वोच्च न्यायालयाच्या ऑक्टोबर २०१८ मधील आदेशानुसार १ एप्रिल २०२० पासून केवळ भारत स्टेज ६ वाहनांच्या विक्रीस परवानगी आहे. १ एप्रिल २०२३ पासून उत्सर्जनाची चाचणी प्रयोगशाळेबरोबरच प्रत्यक्ष रस्त्यावरही विचारात घेतली जाते.

भारत स्टेज ६ मुळे दुचाकींतही इंधनफवारणी व ईसीयू यांचा सार्वत्रिक प्रसार झाला. दुचाकींसाठी २०२० पासून ओबीडी-१ आणि २०२३ पासून टप्प्याटप्प्याने ओबीडी-२ लागू झाली. कार्ब्युरेटरचा स्क्रू फिरवून इंजिनाच्या आवाजावरून 'ट्यूनिंग' करण्याचे मिस्त्रींचे कौशल्य या वाहनांना लागू पडत नाही. त्याची जागा स्कॅनर व मल्टिमीटर यांनी घेतली आहे.

वाहनांच्या प्रमाणीकरणाचे काम करणाऱ्या संस्थांत पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही १९६६ साली स्थापन झालेली संस्था प्रमुख आहे. नाशिक येथील बॉशच्या कारखान्यात डिझेल इंजिनांची इंधनफवारणी यंत्रे तयार होतात. केपीआयटी ही पुण्यातील कंपनी वाहनांसाठीच्या सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात कार्यरत आहे.

== वाद व मर्यादा ==

=== फोक्सवॅगन उत्सर्जन प्रकरण ===

वाहनाचा संगणक चाचणीच ओळखू शकतो, हे सप्टेंबर २०१५ मध्ये उघडकीस आले. चाचणीत वाहन रोलरवर उभे असते, स्टिअरिंग फिरत नाही आणि वेग ठरावीक आलेखानुसार बदलतो. अशी परिस्थिती ओळखून चाचणीपुरतेच उत्सर्जन नियंत्रण पूर्णपणे चालू ठेवणारा कार्यक्रम फोक्सवॅगनच्या डिझेल मोटारींत आढळला. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातील संशोधकांनी फिरत्या वाहनावर मापनयंत्र बसवून केलेल्या चाचण्यांतून या प्रकरणाला तोंड फुटले. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनुसार रस्त्यावर नायट्रोजन ऑक्साइडांचे उत्सर्जन मर्यादेच्या ४० पटींपर्यंत होते. जगभरात सुमारे १ कोटी १० लाख वाहनांत हा कार्यक्रम असल्याचे कंपनीने मान्य केले.

भारतात कंपनीने डिसेंबर २०१५ मध्ये सुमारे ३ लाख २३ हजार वाहने दुरुस्तीसाठी परत बोलावण्याचे जाहीर केले. राष्ट्रीय हरित लवादाने मार्च २०१९ मध्ये कंपनीस ५०० कोटी रुपयांचा दंड ठोठावला. भारतीय मानकांचा भंग झाल्याचे कंपनीने नाकारले व आदेशाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली.

या प्रकरणात वाहनांची निदान यंत्रणा कोणताही दोष दाखवीत नव्हती, कारण यंत्रणा तिच्या कर्त्यांनी ठरविल्याप्रमाणेच चालत होती. वाहनाने स्वतः दिलेल्या माहितीस बाहेरील स्वतंत्र मापनाची जोड हवी, हा धडा त्यातून मिळाला.

=== दुरुस्तीचा हक्क ===

उत्सर्जनाशी संबंधित मूलभूत संकेत सर्वांना खुले असले, तरी उत्पादकाचे स्वतःचे संकेत, नवा भाग संगणकाशी जुळविणे व कार्यक्रम अद्ययावत करणे यांसाठी बहुधा कंपनीची साधने लागतात. स्वतंत्र गॅरेजांना ती उपलब्ध व्हावीत यासाठी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याच्या मतदारांनी २०१२ साली कायद्यास मान्यता दिली. भारतात केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केले; त्यातील चार क्षेत्रांत मोटारवाहनांचा समावेश आहे.

=== सुरक्षा ===

कॅन वाहिनीची रचना करताना वाहन बाह्य जगाशी जोडले जाईल, अशी कल्पना नव्हती. तिच्यावरील संदेशात प्रेषकाची ओळख पटविण्याची सोय मूळ स्वरूपात नाही. चार्ली मिलर व क्रिस व्हॅलासेक या संशोधकांनी २०१५ साली एका जीप चेरोकी मोटारीचे नियंत्रण दूरवरून, मोबाइल जाळ्यामार्फत, मिळवून दाखविले. त्यानंतर फिॲट क्रायस्लर कंपनीने सुमारे १४ लाख वाहने सुधारणेसाठी परत बोलावली. तेव्हापासून निदान जोडणी व वाहनातील अंतर्गत जाळे यांच्यामध्ये संरक्षक संगणक बसविण्याचा प्रघात वाढला आहे. याच उपायाने स्वतंत्र दुरुस्ती करणाऱ्यांचा मार्गही अडतो. त्यामुळे सुरक्षा आणि दुरुस्तीचा हक्क यांच्यात समतोल साधणे हा नियामकांपुढील प्रश्न आहे.

== हे सुद्धा पहा ==

* अंतर्ज्वलन इंजिन
* कार्ब्युरेटर
* उत्प्रेरक परिवर्तक
* भारत स्टेज उत्सर्जन मानके
* वायुप्रदूषण